सहाव्या ओळीची हजेरी

१

हॅल्डरबी गावातील स्कूल हाऊसमध्ये सकाळची प्रार्थना आठ वाजता होत असे. एक मिनिट आधी नाही की नंतर नाही. हा नियम रेव्हरंड जोनाथन ॲस्क्यू यांनी घालून दिला होता. ते या गावचे पाद्री होते आणि याच घराच्या मागील दालनात त्यांनी बत्तीस वर्षे मुलांची शाळा चालविली होती. त्यांना जाऊन सत्तावन्न वर्षे लोटली. शाळा उठून गेली, बाके विकली गेली, दालनात सफरचंदांच्या पेट्या आल्या. नियम तेवढा राहिला.

१९२७ च्या नोव्हेंबरात त्यांची नात विनिफ्रेड तेथे राहावयास आली, ती दोन निश्चय करून. पहिला निश्चय आत्याची शुश्रूषा करण्याचा. आजोबांच्या आठ अपत्यांपैकी ऑक्टेव्हिया आत्या तेवढ्या हयात होत्या; वय शहात्तर, हृदय थकलेले, पाय सुजलेले. दुसरा निश्चय घराण्याचा इतिहास लिहून पुरा करण्याचा. लिंकन शहरातील मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवून विनिफ्रेड नुकतीच निवृत्त झाली होती. स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर न पाहिलेली एकही गोष्ट आपल्या पुस्तकात येऊ द्यावयाची नाही, असा तिचा बाणा होता.

पहिल्याच सकाळी ती आठाला दहा मिनिटे असताना दालनात उतरली. लव्हाळ्याच्या विणीच्या तीन खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या: एक आत्यांची, एक तिची, एक स्वयंपाकीण प्रिजनबाईंची. आत्यांच्या खुर्चीच्या उजवीकडे, पाऊलभर पुढे, चौथी खुर्ची होती. कोणी शेजारीण येत असावी, असे समजून विनिफ्रेड आपल्या जागी बसली.

कोणी आले नाही. आत्यांनी बायबलातील अध्याय वाचला. मग जुन्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी उठून पाठ फिरविली आणि आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बैठकीवर कोपरे व तळहातांत चेहरा ठेवला. असे बसले म्हणजे माणसाला स्वतःच्या खुर्चीच्या विणीपलीकडे काही दिसत नाही.

प्रभूची प्रार्थना झाली. तिघींचे ‘आमेन’ एकदम उमटले. त्यानंतर आणखी एक उमटले.

२

जुन्या दालनांतून आवाज घुमतो, हे विनिफ्रेडला ठाऊक होते. न्याहारीनंतर ती परत गेली आणि दालनाच्या मध्यभागी उभी राहून तिने टाळी वाजविली. आवाज सफरचंदांच्या पेट्यांत जिरून गेला. तिने मोठ्याने ‘आमेन’ म्हटले. तेही तेथेच संपले. सकाळी हवा दमट असते व आता ऊन पडले आहे, असे स्वतःला बजावून ती कामाला लागली.

काम वंशवृक्षाचे होते, आणि त्यात एक अडचण मुळापासून होती. आजोबांची पहिली चार मुले एडमंड, हॅरिएट, वॉल्टर आणि लुसी. यांतला वॉल्टर म्हणजे विनिफ्रेडचा बाप. पुढे घरात मुले वर्गात भरावीत तशी भरू लागली, तेव्हा लॅटिन शिकविणाऱ्या आजोबांनी नावांऐवजी क्रमांकच दिले. पाचवा तो क्विंटस. त्याच्यानंतर सेप्टिमस, म्हणजे सातवा. आणि मग ऑक्टेव्हिया, आठवी. सहावा कोठे गेला? लोक सवयीने ‘ॲस्क्यूंची आठ’ म्हणत. विनिफ्रेडही लहानपणापासून तसेच म्हणत आली होती. मोजली तर सातच भरत.

वकिली करणाऱ्या तिच्या भावाने, गिल्बर्टने, पत्रातून कळविले होते की हा आजोबांचा विनोद असावा आणि त्यापायी तिने डोळे फोडू नयेत. विनिफ्रेडला हे पटले नाही. आजोबांच्या वह्या तिने वाचल्या होत्या. तो मनुष्य विनोद करीत नसे. मोजणीत तर नाहीच.

दुपारी ती चर्चमध्ये गेली आणि तिने नोंदणीपुस्तक मागवून घेतले. क्विंटसचा बाप्तिस्मा १८४५, सेप्टिमसचा १८४९. मधल्या चार वर्षांत गावात एकशे अकरा मुलांचे बाप्तिस्मे झाले होते आणि त्यांत ॲस्क्यू एकही नव्हता. दफनांच्या यादीतही नव्हता. म्हणजे सहावे मूल जन्मलेही नव्हते आणि मेलेही नव्हते. तिने वहीत तसे टिपून घेतले व खाली रेघ मारली. पुराव्याने प्रश्न मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुद्दाम लक्ष देऊन ऐकले. या वेळी प्रार्थनेतील शब्दही आले. कोरडा, म्हातारा आवाज होता. तो प्रत्येक वाक्य अर्ध्या शब्दाने उशिरा उचलीत होता, वर्गातल्या मागच्या बाकावरून उचलावे तसे.

३

त्या दिवशी तिने चौथी खुर्ची तपासली.

घरात अशा आठ खुर्च्या होत्या. न वापरलेल्या खुर्चीची वीण कशी असते, हे तिने माडीवर जाऊन पाहिले: ती फिकट होती आणि वर धूळ होती. या खुर्चीची वीण मधासारखी तकतकीत झाली होती. बैठकीवर दोन खळगे पडले होते, कोपरांचे असतात तेवढ्या अंतरावर. परंतु तिची स्वतःची कोपरे तिने त्यांत ठेवून पाहिली, तेव्हा हात ताणावे लागले. आणि वीण कोमट होती. ऊन लागले असेल, असे मनात येताच तिने खिडकीकडे पाहिले. खिडकी उत्तरेची होती.

प्रिजनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लापशीचे पातेले, चेहऱ्यावर नेहमीचा त्रासिक भाव.

“लिंकनच्या शाळेत खुर्च्यांची नाडी बघायला शिकवतात वाटतं, बाईसाहेब?”

ही खुर्ची कोणासाठी मांडता, असे विनिफ्रेडने सरळ विचारले.

“मी नाही मांडत. तुमच्या आत्याबाई मांडतात, स्वतःच्या हातानं. मला शिवू देत नाहीत.”

“पण बसतं कोण तिथे?”

प्रिजनबाईंनी पातेले एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. “मी इथे एकोणीस वर्षं आहे. पगार वेळेवर, रविवारी अर्धा दिवस सुट्टी, मांस आठवड्यातून तीनदा. प्रार्थनेला मी माझ्या खुर्चीकडे बघते. तुम्हीही तुमच्या खुर्चीकडे बघत जा, म्हणजे लापशी अंगी लागेल.”

एवढे बोलून त्या निघून गेल्या. विनिफ्रेडने खिशातून मोजपट्टी काढली आणि दोन खळग्यांतील अंतर वहीत लिहून घेतले. भिण्यापेक्षा मोजणे तिला सोपे जात असे.

४

हजेरीपुस्तके तिला दालनातल्या भिंतीतील कपाटात सापडली. शाळेची असतील म्हणून तिने ती उघडली, शाळेची नव्हती. आजोबा घरच्या प्रार्थनेचीही हजेरी घेत असत. पानोपानी ओळी आखलेल्या, डावीकडे क्रमांक व नाव, पुढे दिवसागणिक एक बारीक उभी खूण. गैरहजर असेल तेथे शून्य व कारण: गोवर, दाढदुखी, मामाकडे गेला. ऐंशी वर्षांची पुस्तके तेथे होती. चालू वर्षाचे आत्यांच्या खोलीत असणार, हे उघड होते.

१८४७ च्या सप्टेंबरपासून सहावी ओळ सुरू होत होती. क्रमांक ६, आणि पुढे नावाची जागा कोरी. खुणा मात्र होत्या.

विनिफ्रेड जमिनीवर बसली आणि तिने ती ओळ पानामागून पान तपासली. एडमंड शाळेला दूर गेला, त्याची ओळ थांबली. क्विंटस जहाजावर गेला. वॉल्टरचे लग्न झाले. लेकी म्हाताऱ्या झाल्या, आजारी पडल्या, एकेक ओळ संपत गेली. आजोबा गेल्यावर अक्षर हॅरिएटचे झाले, पुढे लुसीचे, शेवटी ऑक्टेव्हियांचे. सहाव्या ओळीत ऐंशी वर्षांत एकही शून्य नव्हते.

शेरे फार थोडे होते. १८४९ मध्ये आजोबांच्या सुरेख अक्षरात लिहिले होते: ‘गुडघे टेकू लागला.’ १८५२: ‘आमेन स्पष्ट.’ १८६१: ‘मोठी खुर्ची द्यावी.’ १८६२ च्या एका पानावर ती ओळ कोणीतरी चरचरा खोडली होती, आणि तिच्याच खाली, पोरसवदा व थरथरत्या हाताने, पुन्हा आखली होती. शेवटचा शेरा ऑक्टेव्हियांचा, याच वर्षीच्या वसंतातला, मागच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होता: ‘उठताना त्रास होतो.’

आजवर विनिफ्रेडने हजारो वह्या तपासल्या होत्या. खोटी हजेरी तिला चटकन ओळखू येई. एका बैठकीत भरलेल्या खुणांना एकच झोक असतो. येथे प्रत्येक खूण वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोरूने अथवा टाकाने केलेली होती. तो अस्सल दस्तऐवज होता, आणि हेच तिला सर्वांत जड गेले.

५

त्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले की आत्या सप्टेंबरातच जावयास हव्या होत्या. त्या कशाच्या बळावर तग धरून आहेत हे वैद्यकाला सांगता येणार नाही, आणि त्यांचे हे रोज खाली उतरणे म्हणजे निव्वळ छळ आहे. विनिफ्रेड तो छळ रोज पाहत होती. आत्या जिन्यावर बसत आणि एकेक पायरी बसल्या बसल्याच उतरत. बारा पायऱ्यांना पंचवीस मिनिटे लागत. कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खाली आल्यावर त्या भिंतीला धरून जात व ती खुर्ची ओढून जागेवर ठेवीत. प्रार्थना झाल्यावर विनिफ्रेड व प्रिजनबाई बाहेर गेल्या तरी आत्या बराच वेळ आत राहत.

गुरुवारी दुपारी चहा घेऊन ती त्यांच्या उशाशी बसली आणि हजेरीपुस्तक तिने पांघरुणावर ठेवले. आत्यांनी ते पाहिले. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

“आत्या, मला या ओळीबद्दल सांगा. तुम्ही उद्यापासून खाली उतरायचं नाही, असं मी ठरवलंय. पण त्याआधी मला सांगा.”

“तू ठरवलंस,” आत्या म्हणाल्या. “वॉल्टरचीच पोर.” मग त्यांनी दम घेतला. “त्या वर्षी आईचे दिवस भरले होते. दाई आली, डॉक्टर आला. संध्याकाळी डॉक्टरनं हात धुतले आणि घरी गेला. पाळण्यात ठेवायला काही आलंच नव्हतं. नव्हतंच काही, कधीच. पण बाबांनी ओळ आधी आखून ठेवली होती. शाईनं. आणि बाबा खाडाखोड करत नसत.”

“म्हणून रोज खूण करत राहिले? रिकाम्या जागेसमोर?”

“पहिली दोन वर्षं रिकामीच होती म्हणे.”

खाली अंगणात प्रिजनबाई कोंबड्यांवर ओरडत होत्या. तो आवाज ऐकून विनिफ्रेडला फार बरे वाटले.

मग ती ओळ आता खोडून टाकू, असे तिने सुचविले. ठाम, समजूतदार स्वरात, घाबरलेल्या मुलीशी बोलावे तसे.

“सेप्टिमसनं खोडली होती. बाबांनी त्यालाच परत आखायला लावली. विनी, ओळ खोडता येते गं. त्याला कुठे खोडणार?”

एकदा, हॅरिएटला ताप असताना, कोणी खुर्ची मांडलीच नव्हती, हेही आत्यांनी सांगितले. त्या दिवशी तो घरभर जागा शोधीत फिरला. दिवस मावळेपर्यंत एकेका खुर्चीची वीण वाजत होती. जिच्यावर माणूस बसले होते तिचीसुद्धा.

विनिफ्रेडने विचारले की त्याला कोणी पाहिले आहे काय.

“लुसीनं. मी विचारलं, कसा आहे. म्हणाली, बाबांसारखा नाही. एवढंच.” आत्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. “मला जायचंय, विनी. दोन महिने झाले, सगळी तयारी करून बसलेय. पण खुर्ची कोण मांडणार? प्रिजन नाही मांडणार, गिल्बर्ट तर घरच विकून टाकेल. तू शब्द दे, मी आज सुटते.”

“काय काय करावं लागतं?”

“खुर्ची मांडायची, खूण करायची. आणि आता म्हातारा झालाय तो, आमेन झालं की उठताना हात द्यायचा. मागं न बघता. बाबा म्हणायचे, हजेरी घेताना पोराकडे नाही बघायचं, पुस्तकाकडे बघायचं.”

विनिफ्रेडला त्या क्षणी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक, आपला यावर विश्वास नाही. दुसरी, ही बाई केवळ एका शब्दासाठी यातना भोगीत आहे, आणि तो शब्द आपल्याजवळ आहे. मरणाऱ्या माणसाला खोटा शब्द देऊन फसविणारे लोक तिने पाहिले होते. त्यांच्यात जाऊन बसण्याची तिची तयारी नव्हती. शब्द द्यावयाचा तर पाळावयाचा, विश्वास असो वा नसो.

“पुस्तकात मी त्याला लिहिणार नाही,” ती म्हणाली. “माझ्याजवळ पुरावा नाही.”

“नको लिहूस. हजेरी घे.”

“घेईन.”

“रोज?”

“रोज, आत्या. मी शब्द देते.”

आत्यांनी तिच्या हातावर थोपटले, उत्तर बरोबर आलेल्या मुलीला थोपटावे तसे, आणि चहा मागितला. तो गार होण्याच्या आत त्या गेल्या.

६

शुक्रवारी दुपारी शवपेटी चर्चमध्ये नेली, आणि संध्याकाळी गिल्बर्टची तार आली: दफन सोमवारी, तोवर घर बंद करून लिंकनला निघून ये. प्रिजनबाई शनिवारी सकाळी सहालाच पेटी बांधून तयार झाल्या. आत्याबाईंसाठी राहिले होते, असे त्या म्हणाल्या. शुक्रवारची प्रार्थना विनिफ्रेडने चुकविली नव्हती. खुर्ची मांडली होती, खूणही केली होती. त्या सकाळी मागे काहीच आवाज झाला नव्हता. घरात प्रेत असताना पहिल्या दिवशी त्यालाही शोक पाळायचा असेल, असे प्रिजनबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी गमतीने म्हटले नव्हते.

“चला बाईसाहेब, गाडीवाला दोघींना घेईल. मेलेल्या माणसाला काय कळतंय तुम्ही मांडली की नाही ते?”

“मला कळेल,” विनिफ्रेड म्हणाली.

प्रिजनबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग पेटी खाली ठेवून त्यांनी चूल पेटविली, तिच्यासाठी लापशी शिजत लावली, आणि पेटी उचलून त्या गेल्या. गाडीची चाके गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली.

आठाला पाच मिनिटे होती. विनिफ्रेडने दालनात दोन खुर्च्या मांडल्या. आपली खुर्ची तिने आत्यांच्या जागी ठेवली आणि बैठकीच्या एका कडेला चालू वर्षाचे हजेरीपुस्तक व पेन्सिल ठेवली. दुसरी उजवीकडे, पाऊलभर पुढे. शुक्रवारची शांतता हाच पुरावा आहे, असा तिचा तर्क होता: आवाज आत्यांचा होता, थकलेल्या छातीतून कधी कधी एका श्वासात दोन आवाज निघतात. आज काही ऐकू आले नाही तर प्रश्न कायमचा मिटेल. शब्द तरीही पाळला जाईल. हा तर्क नेटका होता. तिने अध्याय वाचला आणि गुडघे टेकले.

७

पाठ फिरविल्यामुळे आता डावीकडे, पाऊलभर मागे, वीण करकरली. मग फरशीवर एक गुडघा टेकला. बऱ्याच वेळाने दुसरा.

विनिफ्रेडने प्रार्थना सुरू केली. तिचा आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याच्याखालून दुसरा आवाज येत राहिला, अर्ध्या शब्दाने मागे. तिने एकही शब्द गाळला नाही, घाई केली नाही. ‘आमेन’ तिने म्हटले. मागून ‘आमेन’ आले.

त्यानंतर कोणी हलले नाही.

ती थांबली. लव्हाळ्याची वीण तिच्या डोळ्यांसमोर होती. तिने तिचे पदर मोजावयास घेतले आणि चौदापर्यंत पोचली. मागे श्वास चालू होता. तो वाट पाहत होता, हे तिला इतक्या सहजतेने कळले, की आपण आजवर वर्गात कितीदा असेच ओळखले असेल याचे तिला नवल वाटले: हात वर न करता उत्तरासाठी थांबलेले पोर.

तिने मान न वळविता डावा हात मागे केला.

तो हात धरला गेला. तळवा कोरडा व उबदार होता. नख लागले नाही, इजा झाली नाही. पकड विनयाची होती. आणि हाताला वजन होते. एवढे वजन हवेला नसते आणि कल्पनेलाही नसते. तिने उजव्या हाताने खुर्चीची कड धरली, पाठ ताठ केली आणि ओढले.

एक गुडघा उचलला गेला, हाड वाजले. मग दुसरा. तिचा हात कमरेपासून खांद्याच्या रेषेत आला. आता झाले, असे समजून तिने बोटे सैल केली. त्याच्या बोटांनी ती पुन्हा धरली. त्याचे उठणे संपले नव्हते.

तिचा हात खांद्याच्या वर गेला. बाही कोपरापर्यंत घसरली. मान खाली, चेहरा विणीवर, आणि हात सरळ वर, वर्गात मुले करतात तसा. वरून, फार वरून, श्वास ऐकू येत होता. तिने ती उंची मनातल्या मनात मोजावयास सुरुवात केली आणि बेरीज दालनाच्या तुळईपाशी येताच थांबली. कोपर ताणले गेले. खांद्यात कळ आली. तिचा डावा गुडघा फरशीवरून सुटला.

हजेरीपुस्तक तिच्या समोर खुर्चीवर उघडे होते. सहाव्या ओळीत शनिवारचा चौकोन रिकामा होता. तिने खुर्चीची कड सोडली, उजव्या हाताने पेन्सिल उचलली आणि पुस्तकाकडेच पाहत त्या चौकोनात एक सरळ, बारीक, उभी खूण केली.

तो अजून उठतच होता. तिने हात सोडला नाही.